स्ट्रिंगमध्ये पुन्हा आलेली कॅरॅक्टर शोधणे: लूपच्या आधीचे काम आणि नंतरची तपासणी

'दिलेल्या स्ट्रिंगमध्ये एकापेक्षा जास्त वेळा आलेली कॅरॅक्टर शोधा' हा प्रश्न प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये असतो, मुलाखतीत असतो आणि नावांची यादी साफ करताना किंवा पासवर्डचे नियम तपासताना रोजच्या कामातही येतो. लूप बहुतेकांना जमतो. उत्तर चुकते ते लूपच्या आधी. कॅरॅक्टर म्हणजे नेमके काय मोजायचे ते ठरलेले नसते, मजकूर एकसारखा करून घेतलेला नसतो, आणि 'पहिले पुन्हा आलेले' म्हणजे कोणते हे कुणी विचारलेले नसते. इंग्रजी लहान लिपीतल्या उदाहरणांवर हे सगळे झाकून जाते. मराठी मजकूर दिला की लगेच उघडे पडते, म्हणून इथली उदाहरणे मराठी आहेत.

पायऱ्या दिलेल्या क्रमानेच करा. मोजून झाल्यावर मजकूर साफ केला तर मोजणी जुन्याच मजकुराची राहते. कोड कुठल्याही एका भाषेत न देता मराठीत कच्चा लिहिला आहे. तो पायथॉन, जावा, जावास्क्रिप्ट किंवा सी यांत उतरवताना कुठे पाय घसरतो ते त्या त्या पायरीत सांगितले आहे.

## १. प्रश्न पक्का करा

एकाच वाक्यात निदान पाच वेगळे प्रश्न दडलेले असतात:

- काही तरी पुन्हा आले आहे का? उत्तर फक्त हो किंवा नाही.
- कोणकोणती कॅरॅक्टर पुन्हा आली आणि किती वेळा?
- पुन्हा आलेले पहिले कॅरॅक्टर कोणते?
- सलग, शेजारी-शेजारी पुन्हा आलेली कोणती?
- एकदाच आलेले पहिले कॅरॅक्टर कोणते?

तिसऱ्या प्रश्नावर सर्वात जास्त गफलत होते. 'नवजीवन' घ्या. डावीकडून वाचत गेलो तर ज्याची दुसरी हजेरी सर्वात आधी लागते ते कॅरॅक्टर 'व'. पण पुन्हा येणाऱ्यांपैकी ज्याची पहिली हजेरी सर्वात आधी आहे ते 'न'. दोन्ही उत्तरे आपापल्या व्याख्येत बरोबर आहेत आणि दोन्हींचे लूप वेगळे आहेत. प्रश्नात हे स्पष्ट नसेल तर विचारून घ्या. विचारायची सोय नसेल तर आपण कोणती व्याख्या धरली ते फंक्शनच्या वरच कमेंटमध्ये लिहा.

तपासणी: कोड लिहिण्याआधी 'नवजीवन'चे अपेक्षित उत्तर कागदावर लिहा. लिहिताना अडखळलात तर प्रश्न अजून पक्का झालेला नाही.

## २. एकक ठरवा

कॉम्प्युटरच्या लेखी 'कॅरॅक्टर' चार निरनिराळ्या पातळ्यांवर असते, आणि कोणती भाषा कोणती पातळी हातात देते यावर उत्तर ठरते.

बाइट. यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे युनिकोड या सर्व लिप्यांच्या मानकाचा मजकूर बाइटमध्ये साठवण्याच्या पद्धतीत, देवनागरीची प्रत्येक खूण ३ बाइट घेते. 'कमल' म्हणजे ९ बाइट: २२४-१६४-१४९, २२४-१६४-१७४, २२४-१६४-१७८. बाइट मोजले तर २२४ तीनदा आणि १६४ तीनदा आले असे उत्तर मिळते. प्रत्यक्षात 'कमल'मध्ये एकही अक्षर पुन्हा आलेले नाही. सीमधला साधा कॅर ॲरे आणि गो भाषेत इंडेक्सने वाचलेली स्ट्रिंग याच पातळीवर असतात. गोमध्ये रेंज वापरून फिरलात तर मात्र कोड पॉइंट, म्हणजे युनिकोडने प्रत्येक खुणेला दिलेले क्रमांक, मिळतात.

यूटीएफ-१६ चे एकक. जावा, सी-शार्प आणि जावास्क्रिप्टमध्ये स्ट्रिंगची लांबी या एककात मोजली जाते. देवनागरीची खूण एका एककात बसते, म्हणून मराठीत इथे काही बिघडलेले दिसत नाही. इमोजी आले की बिघडते. हसऱ्या चेहऱ्याच्या आणि हसून डोळ्यांत पाणी आलेल्या चेहऱ्याच्या इमोजीला प्रत्येकी दोन एकके लागतात, आणि दोघांचे पहिले एकक एकच आहे: ५५३५७. दोन वेगळी इमोजी असूनही प्रोग्राम पुनरावृत्ती दाखवतो. जावास्क्रिप्टमध्ये इंडेक्सने न फिरता 'फॉर-ऑफ' लूप वापरला की हा दोष जातो.

कोड पॉइंट. पायथॉनची स्ट्रिंग या पातळीवर असते. 'नवजीवन'ची लांबी ६ येते: न, व, ज, दीर्घ ईची मात्रा, व, न. म्हणजे इथे मात्रा हे स्वतंत्र कॅरॅक्टर आहे, हलन्ताची खूण आणि अनुस्वारही.

ग्राफीम, म्हणजे वाचणाऱ्याला दिसणारे अक्षर. इथे 'नवजीवन'ची लांबी ५: न, व, जी, व, न. स्विफ्टचा कॅरॅक्टर मुळातच या पातळीवर आहे. जावास्क्रिप्टमध्ये इंटल-सेगमेंटर आहे. जावाच्या रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये (मजकुरातले नमुने शोधण्याच्या पद्धतीत) आवृत्ती ९ पासून बॅकस्लॅश आणि कॅपिटल एक्स ही खूण पूर्ण ग्राफीम पकडते. पायथॉनच्या अंगभूत मॉड्यूलमध्ये ही खूण नाही, त्यासाठी 'रेजेक्स' नावाचे वेगळे मॉड्यूल बसवावे लागते.

फरक किती पडतो ते 'नवनवीन'वर पाहा. कोड पॉइंटने मोजले तर न ३ वेळा, व २ वेळा. ग्राफीमने मोजले तर न ३ वेळा आणि बस, कारण 'व' आणि 'वी' ही दोन वेगळी अक्षरे झाली. 'मामी'त कोड पॉइंटने म दोनदा आहे, ग्राफीमने काहीच पुन्हा आलेले नाही.

मग घ्यायचे कोणते? वापरणाऱ्याला अक्षरे दाखवायची असतील तर ग्राफीम. पासवर्डचे नियम किंवा डेटाबेसमधली लांबी असेल तर बहुधा कोड पॉइंट, पण ती प्रणाली स्वतः काय मोजते ते आधी बघा. फाइल कॉम्प्रेस करायची असेल किंवा नेटवर्कवरचे पॅकेट तपासायचे असेल तर बाइट. अनुप्रास तपासायचा असेल तर निराळ्याच गोष्टीची गरज असते: मात्रा आणि हलन्त काढून उरलेली मूळ अक्षरे.

### जोडाक्षर: एक अक्षर की दोन?

ग्राफीम निवडले तरी काम संपत नाही. युनिकोडच्या २०२३ मधल्या १५.१ आवृत्तीने ग्राफीम तोडण्याच्या नियमांत देवनागरी जोडाक्षरे न तोडण्याचा नियम घातला. त्याआधीच्या नियमांवर चालणारी लायब्ररी 'क्षत्रिय'चे पाच तुकडे करते: क्, ष, त्, रि, य. नव्या नियमांवर चालणारी तीन करते: क्ष, त्रि, य. एकच कोड जुन्या सर्व्हरवर एक उत्तर देतो आणि नव्या लॅपटॉपवर दुसरे, आणि दोष शोधणारा आपला लूप उलटसुलट तपासत बसतो. मराठी शब्दकोड्याचा प्रोग्राम लिहीत असाल तर जोडाक्षर एका चौकटीत जाते, म्हणून नवाच नियम हवा.

लायब्ररीवर भरवसा नसेल तर देवनागरीपुरती तोडणी स्वतः लिहिता येते:

१. स्ट्रिंगमधून कोड पॉइंट एकेक करून घ्या.
२. खूण युनिकोडच्या 'मार्क' वर्गातली असेल (मात्रा, अनुस्वार, विसर्ग, नुक्ता, हलन्त) तर ती आधीच्या तुकड्याला जोडा.
३. आधीचा तुकडा हलन्ताने (कोड पॉइंट २३८१) संपत असेल आणि आताची खूण व्यंजन असेल तर तेही जोडा.
४. नाही तर नवा तुकडा सुरू करा.

इशारा: दुसऱ्या टप्प्यासाठी पायथॉनच्या युनिकोडडेटा मॉड्यूलमधले 'कंबाइनिंग' फंक्शन वापरू नका. देवनागरी मात्रांसाठी ते शून्य देते, त्यामुळे मात्रा सुट्या पडतात. त्याच मॉड्यूलचे 'कॅटेगरी' फंक्शन वापरा आणि उत्तर कॅपिटल एमने सुरू होते का ते पाहा.

तपासणी: आउटपुटच बहुधा सांगते की चूक कुठे आहे. मात्रेखाली ठिपक्यांचे वर्तुळ दिसले तर कोड पॉइंट मोजले गेले आहेत. काळ्या चौकोनातले प्रश्नचिन्ह दिसले तर बाइट मोजले गेले आहेत.

## ३. मजकूर एकसारखा करा

स्क्रीनवर तंतोतंत सारखी दिसणारी दोन अक्षरे आत वेगळी असू शकतात. ती सारखी करून घेतल्याशिवाय मोजणी सुरू करू नका. या पायरीला आतला क्रम आहे. तो बदलला तर पुढचा नियम लागूच पडत नाही.

अ) नॉर्मलायझेशन. सर्वात आधी स्ट्रिंग एनएफसी रूपात, म्हणजे शक्य तिथे खुणा जोडून केलेल्या युनिकोडच्या ठरावीक रूपात, आणा. 'ऱ' एका कोड पॉइंटने (२३५३) लिहिता येतो किंवा र आणि नुक्ता अशा दोघांनी. एनएफसीनंतर दोन्हींचा एकच कोड पॉइंट होतो. नुक्त्याच्या 'फ़', 'ज़' या अक्षरांचे मात्र एनएफसीतही दोन-दोन कोड पॉइंटच राहतात. म्हणून 'फ़र्ज़'मध्ये एकही अक्षर पुन्हा आलेले नसताना कोड पॉइंटच्या मोजणीत नुक्ता दोनदा येतो. इथे ग्राफीमच घ्यावे लागतात.

आ) मराठी रफार. 'दुसऱ्या' हा शब्द दोन प्रकारे टाइप केलेला सापडतो. एकात ऱ, हलन्त, य असा क्रम असतो आणि शब्द ७ कोड पॉइंटचा होतो. दुसऱ्यात र, हलन्त, शून्य रुंदीचा जोडक (८२०५, न दिसणारी खूण), य असा क्रम असतो आणि शब्द ८ कोड पॉइंटचा होतो. दिसायला फरक नाही. नॉर्मलायझेशन या दोघांना एक करत नाही. म्हणून स्वतः नियम लिहा: 'र, हलन्त, जोडक' असा क्रम दिसला की त्याच्या जागी 'ऱ, हलन्त' ठेवा.

इ) उरलेले जोडक आणि विभाजक. आता, आणि आताच, देवनागरी खुणांमधले विभाजक (८२०४) आणि जोडक (८२०५) काढून टाका. हे 'आ'च्या आधी केले तर 'दऱ्या'चा 'दर्या' होतो, डोंगरातल्या दऱ्यांचा समुद्र होतो. सगळ्या स्ट्रिंगमधून सरसकट काढू नका. कुटुंबाच्या इमोजीसारखी कित्येक चित्रे याच जोडकावर उभी असतात.

ई) ॲ आणि ऑ. 'ॲ' एका कोड पॉइंटचा (२४१८) असतो, पण जुन्या मजकुरात तो अ आणि अर्धचंद्र अशा दोन खुणांनी, कधी मध्ये जोडक घालून लिहिलेला असतो. 'ऑ'च्या जागी आ आणि अर्धचंद्र, 'ओ'च्या जागी अ आणि ओकाराची मात्रा असेही टाइप केलेले असते. यांतले काहीही एनएफसीने जुळत नाही. बदलांचा छोटा तक्ता करा आणि जोडक काढल्यानंतरच तो चालवा.

उ) लहान-मोठी लिपी. देवनागरीत हा प्रश्न नाही. इंग्रजी मजकुरात कॅपिटल आणि स्मॉल एकच धरायचे का ते ठरवा आणि धरायचे असेल तर सगळी स्ट्रिंग एकदाच बदला, लूपच्या आत प्रत्येक तुलनेत नको. पायथॉनचे 'केसफोल्ड' फंक्शन एस्झेट या जर्मन अक्षराचे दोन एस करते. मूळ शब्दात नसलेली पुनरावृत्ती त्यातून तयार होते. युरोपीय नावे असतील तर साधे 'लोअर' बरे.

ऊ) रिकाम्या जागा आणि अंक. स्पेस मोजायची की नाही? बहुतेक वाक्यांत सर्वात जास्त वेळा आलेले कॅरॅक्टर स्पेसच असते. सीमध्ये 'एफगेट्स'ने वाचलेल्या ओळीच्या शेवटी न्यू-लाइन तशीच राहते, तीही काढा. वेबवरून चिकटवलेल्या मजकुरात न तुटणारी स्पेस (१६०) असते आणि ती साध्या स्पेसशी जुळत नाही. मराठी ५ आणि इंग्रजी ५ हेही दोन वेगळे कोड पॉइंट आहेत. फोन नंबर तपासत असाल तर सगळे अंक एका लिपीत आणा.

इशारा: 'फक्त अक्षरे ठेवा' म्हणून पायथॉनचे 'इजअल्फा' लावू नका. मात्रा आणि हलन्त त्याच्या लेखी अक्षर नाहीत. 'मामी' चाळून 'मम' उरते आणि नसलेली पुनरावृत्ती उभी राहते. पायथॉनच्या रेग्युलर एक्स्प्रेशनमधली 'शब्दातले कॅरॅक्टर' ही खूणही मात्रा सोडून देते. मूळ अक्षरांचा अनुप्रास मोजायचा असेल तेव्हा मात्र हीच चाळणी हवी असते, पण मग ती जाणूनबुजून लावा.

तपासणी: 'दुसऱ्या'ची दोन्ही रूपे या पायरीतून काढा. लांबी आणि कोड पॉइंटची यादी दोन्हीकडे सारखी आली पाहिजे.

## ४. मोजा

आता लूप. एकके तयार आहेत, म्हणून तो छोटा आहे. डिक्शनरी म्हणजे प्रत्येक एककापुढे त्याची संख्या ठेवणारा तक्ता.

मोजणी = रिकामी डिक्शनरी
प्रत्येक एककासाठी:
  मोजणीत ते असेल तर त्याची संख्या १ ने वाढवा
  नसेल तर संख्या १ ठेवा
मोजणी पूर्ण झाल्यावर, मूळ क्रमाने:
  ज्याची संख्या १ पेक्षा जास्त, ते उत्तराच्या यादीत आधीच नसेल तर घ्या

एका फेरीत मोजणी, दुसऱ्या फेरीत निवड. दोन्ही एकाच लूपमध्ये कोंबले की एकच कॅरॅक्टर यादीत दोन-तीनदा येते: 'नवनवीन'मधला न दुसऱ्या हजेरीला एकदा आणि तिसऱ्या हजेरीला पुन्हा छापला जातो. एकाच फेरीत करायचेच असेल तर संख्या बरोबर २ झाली त्या क्षणीच यादीत घाला, '१ पेक्षा जास्त' अशी अट नको.

प्रश्नाप्रमाणे एवढा बदल करा:

- फक्त हो-नाही हवे असेल तर डिक्शनरी नको, सेट पुरे. एकक सेटमध्ये आधीच असेल तर तिथेच 'हो' म्हणून बाहेर पडा.
- ज्याची दुसरी हजेरी सर्वात आधी ते हवे असेल तर हाच सेट. जिथे थांबलात तेच एकक परत द्या. 'नवजीवन'ला 'व'.
- ज्याची पहिली हजेरी सर्वात आधी ते हवे असेल तर पूर्ण मोजणी करा आणि मग मूळ एककांच्या यादीवरून पुन्हा फिरा. ज्याची संख्या १ पेक्षा जास्त आहे असे पहिले एकक घ्या. 'नवजीवन'ला 'न'.
- एकदाच आलेले पहिले हवे असेल तर हीच दुसरी फेरी, अट 'संख्या १'. 'नवजीवन'ला ग्राफीमच्या पातळीवर 'जी'.

### क्रमाची खात्री कुठे आहे

दुसरी फेरी मूळ यादीवरून करा असे सांगण्याचे कारण आहे. पायथॉन ३.७ पासून डिक्शनरी घातलेल्या क्रमाने राहते, त्याची हमी आहे. जावाच्या हॅशमॅपला क्रम नाही. छोट्या इंग्रजी चाचणीत तो वर्णक्रमाने असल्यासारखा वाटतो, आणि याच भासावर लोक फसतात. तिथे लिंक्ड-हॅशमॅप घ्या. सी++ च्या अनऑर्डर्ड-मॅपलाही क्रम नाही. जावास्क्रिप्टमध्ये साध्या ऑब्जेक्टमध्ये मोजणी ठेवली तर इंग्रजी अंकांच्या कीज चढत्या क्रमाने आधी येतात, मग स्ट्रिंगमध्ये त्या कुठेही असोत. तिथे मॅप वापरा.

जावातला आणखी एक खड्डा. दोन स्ट्रिंगच्या मोजण्या ताडून पाहताना मॅपमधून काढलेल्या दोन इंटीजर ऑब्जेक्टची तुलना दुहेरी बरोबर-चिन्हाने केली तर संख्या १२७ पर्यंत ती खात्रीने बरोबर चालते, पुढे चुकू शकते. छोट्या चाचण्यांत हे कधीच सापडत नाही. 'इक्वल्स' वापरा.

### दुहेरी लूप का नको

प्रत्येक एककाची पुढच्या प्रत्येक एककाशी तुलना करणारा दुहेरी लूप १०,००० एककांच्या स्ट्रिंगवर, काहीही पुन्हा न सापडल्यास, ४,९९,९५,००० तुलना करतो. लांबी १ लाख झाली की तुलना जवळपास ५०० कोटी होतात. लांबी दहापट, काम शंभरपट. शिवाय तो जोड्या मोजतो, हजेरी नाही: चारदा आलेल्या कॅरॅक्टरच्या सहा जोड्या निघतात.

लूपच्या आत स्ट्रिंगचे 'काउंट' फंक्शन बोलावणे हाही दुहेरी लूपच आहे. आतला लूप फक्त दिसत नाही. दिसायला दोन ओळींचा असल्यामुळे तो फार लिहिला जातो. क्रमवारी लावून शेजारी तपासणे यापेक्षा बरे, पण त्यात मूळ जागा हरवतात, म्हणून 'पहिले कोणते' या प्रश्नाला ते चालत नाही.

तपासणी: सर्व संख्यांची बेरीज एककांच्या एकूण संख्येइतकीच आली पाहिजे. 'नवजीवन'ला ग्राफीमने २ + २ + १ = ५.

## ५. डिक्शनरीऐवजी ॲरे: कधी आणि कसा

मजकुरात काय येणार हे आधीच ठाऊक असेल तरच ठरावीक लांबीचा ॲरे घ्या. तो वेगवान असतो, पण गृहीतक मोडले की गप्प राहून चुकतो.

फक्त इंग्रजी स्मॉल अक्षरांसाठी २६ घरांचा ॲरे आणि 'कोड वजा ९७' हा इंडेक्स ही पाठ्यपुस्तकी रीत. त्यात कॅपिटल अक्षर आले तर? कॅपिटल ए ६५ आहे, म्हणून इंडेक्स उणे ३२. सीमध्ये हे ॲरेबाहेरच्या मेमरीत लिहिणे झाले. पायथॉनमध्ये याहून फसवे घडते. ए ते एफ या कॅपिटल अक्षरांवर प्रोग्राम एरर देऊन थांबतो, पण जी ते झेड यांचा उणे इंडेक्स पायथॉन शेवटाकडून मोजतो आणि मुकाट्याने स्वीकारतो. कॅपिटल जी स्मॉल एच्या खात्यात जातो, कॅपिटल झेड स्मॉल टीच्या. एरर नाही, फक्त उत्तर चुकीचे.

सीमध्ये २५६ घरांचा बाइट-ॲरे घेतला तरी एक अडचण उरते. बऱ्याच मशीनवर कॅर हा चिन्हासहित असतो, त्यामुळे मराठी मजकुरातला २२४ हा बाइट उणे ३२ म्हणून वाचला जातो. इंडेक्स करण्याआधी तो 'अनसाइन्ड कॅर'मध्ये बदला. ॲरेची सर्व घरे शून्य केली आहेत ना तेही पाहा. फंक्शनच्या आत जाहीर केलेल्या ॲरेत जुना कचरा असतो.

देवनागरी कोड पॉइंटसाठी १२८ घरे पुरतात: विभाग २३०४ ते २४३१ आहे, इंडेक्स 'कोड वजा २३०४'. पण स्पेस, पूर्णविराम, इंग्रजी अंक आणि जोडक या विभागाबाहेर आहेत. म्हणून इंडेक्स ० ते १२७ मध्ये आहे का हे प्रत्येक वेळी तपासा आणि बाहेरच्यांसाठी वेगळी डिक्शनरी ठेवा. ग्राफीमसाठी ॲरे वापरताच येत नाही, कारण एकेक ग्राफीम अनेक कोड पॉइंटचे असू शकते.

## ६. सलग पुनरावृत्ती

शेजारी-शेजारी आलेल्यांसाठी डिक्शनरी लागत नाही. चालू एकक आणि त्याची सलग संख्या एवढे दोनच व्हेरिएबल ठेवा.

यादी रिकामी असेल तर इथेच थांबा
चालू = पहिले एकक, लांबी = १
दुसऱ्या एककापासून पुढे:
  एकक चालूइतकेच असेल तर लांबी १ ने वाढवा
  नसेल तर (चालू, लांबी) नोंदवा, चालू = हे एकक, लांबी = १
लूप संपल्यावर (चालू, लांबी) पुन्हा एकदा नोंदवा

शेवटची ओळ विसरणे ही इथली ठरलेली चूक. नोंद फक्त एकक बदलल्यावर होते आणि शेवटच्या सलग गटानंतर काही बदलतच नाही, म्हणून तो गट हरवतो. 'अअबबब' दिल्यावर फक्त 'अ' २ आले आणि 'ब' ३ आले नाही तर हीच ओळ राहिली आहे.

रेग्युलर एक्स्प्रेशनने करायचे तर कंसात टिंब आणि त्यापुढे पहिल्या गटाचा मागचा संदर्भ (गटाने पकडले तेच पुन्हा) असा पॅटर्न लिहितात. पायथॉनमध्ये तो रॉ-स्ट्रिंगमध्ये, म्हणजे बॅकस्लॅश जसाच्या तसा ठेवणाऱ्या स्ट्रिंगमध्ये, लिहा. नाही तर बॅकस्लॅश आणि एक मिळून कोड १ चे अदृश्य कॅरॅक्टर होते आणि काहीच सापडत नाही. टिंब न्यू-लाइन पकडत नाही हेही लक्षात असू द्या. गो भाषेच्या अंगभूत रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये मागचा संदर्भ नाहीच, तिथे वरचा लूपच लिहा.

इशारा: मराठी द्वित्त या पॅटर्नला दिसत नाही. 'सत्ता'तले दोन त हलन्ताने वेगळे केलेले आहेत: स, त, हलन्त, त, आकाराची मात्रा. 'काका'तही दोन का शेजारी आहेत, पण कोड पॉइंट क, मात्रा, क, मात्रा असे असल्यामुळे पॅटर्न रिकाम्या हाताने परततो. 'काका' पकडायचा असेल तर आधी ग्राफीम करा आणि लूप चालवा. 'सत्ता'तले द्वित्त पकडायचे असेल तर ग्राफीमही उपयोगी नाहीत. 'व्यंजन, हलन्त, तेच व्यंजन' असा खास पॅटर्न लिहावा लागतो.

## ७. मोठ्या फाइल

पूर्ण फाइल मेमरीत बसत नसेल तर तुकड्यातुकड्यांनी वाचावे लागते. ४०९६ बाइटचा तुकडा घेतला तर त्याला ३ ने भाग जात नाही, १ उरतो. निव्वळ देवनागरी मजकुरात पहिल्याच तुकड्याच्या शेवटी एक खूण मधोमध कापली जाते. फाइल बाइटमध्ये न उघडता टेक्स्ट मोडमध्ये, एन्कोडिंग यूटीएफ-८ असे स्पष्ट लिहून उघडा, म्हणजे हे काम डिकोडर करतो. तरीही तुकड्याच्या सीमेवर व्यंजन एकीकडे आणि मात्रा दुसरीकडे जाऊ शकते. ओळीओळीने वाचलेत तर हा प्रश्न येत नाही.

सलग पुनरावृत्ती शोधत असाल तर चालू एकक आणि लांबी एका तुकड्यातून पुढच्यात तशीच न्या. प्रत्येक तुकड्याला ती नव्याने १ केली तर सीमेवरचा गट दुभंगतो.

## ८. चाचणी

खालच्या स्ट्रिंग याच क्रमाने चालवा. पहिल्या तिघींतच निम्मे दोष सापडतात.

- रिकामी स्ट्रिंग: उत्तर रिकामे, एरर नको.
- 'क': पुनरावृत्ती नाही.
- 'कककक': क एकदाच छापला गेला पाहिजे, संख्या ४, सलग गट एक, लांबी ४.
- 'मामी': ग्राफीमने काही नाही, कोड पॉइंटने म २.
- 'काका': ग्राफीमने का २, कोड पॉइंटने क २ आणि मात्रा २.
- 'नवजीवन': न २, व २. 'पहिले' मागितले असेल तर पायरी १ मध्ये कागदावर लिहिलेले उत्तर.
- 'नवनवीन': ग्राफीमने न ३, कोड पॉइंटने न ३ आणि व २.
- 'सत्ता': ग्राफीमने काही नाही, कोड पॉइंटने त २.
- 'दुसऱ्या'ची दोन रूपे: दोन्हींची मोजणी तंतोतंत सारखी.
- दोन वेगळी इमोजी: पुनरावृत्ती नाही.
- शेवटी न्यू-लाइन असलेली दोन ओळींची स्ट्रिंग: पायरी ३ मध्ये जे ठरवले तेच.

एवढे जमले की दुहेरी लूपला एक चांगले काम द्या. तो मंद असला तरी सरळ आहे, म्हणून पडताळ्यासाठी उत्तम. क, ख, ग अशा तीन-चारच अक्षरांतून ० ते ८ लांबीच्या यादृच्छिक स्ट्रिंग हजारोंनी तयार करा आणि दोन्ही पद्धतींची उत्तरे ताडून पाहा. अक्षरे मुद्दाम कमी ठेवा, म्हणजे पुनरावृत्ती भरपूर होते. फरक आढळला तर त्यांतली सर्वात छोटी स्ट्रिंग घ्या आणि लूप हाताने, एकेक एकक करून चालवा. मग अक्षरांच्या जागी का, कि, क्ष, ऱ्या असे पूर्ण ग्राफीम घालून हीच चाचणी पुन्हा करा. एककाच्या पायरीतले दोष इंग्रजी अक्षरांवर कधी दिसत नाहीत, ते इथे दिसतात.